वाढीव खर्च कोणाच्या माथी? हडसन नदीखालच्या रेल्वे बोगद्याचं प्रकरण

2010 च्या ऑक्टोबरात माझे मामा बीडहून आमच्याकडे एडिसनला, न्यू जर्सीत, आले होते. एका संध्याकाळी टीव्हीवर राज्याचे गव्हर्नर क्रिस क्रिस्टी बोलत होते. मामांना त्यांचं इंग्रजी पुरतं कळत नव्हतं, पण मागे दिसणारा रेल्वेचा नकाशा त्यांनी ओळखला.

"काय म्हणतोय रे हा?"

"नदीखालून न्यूयॉर्कला जाणारा नवा बोगदा रद्द केला म्हणतो, मामा. काम सुरू होऊन वर्ष झालं होतं."

"केंद्राने पैसे दिले नाहीत?"

"केंद्राचे तीन अब्ज डॉलर ठरलेले आहेत."

"मग अंदाजापेक्षा खर्च वाढला, तर तो कोणी सोसायचा, यावरून अडलं असणार," मामा म्हणाले आणि चहाकडे वळले.

ते बरोबर होतं. मामांना अमेरिकेच्या राजकारणातलं काही माहीत नव्हतं, पण अहमदनगर-बीड-परळी रेल्वेची वाट बघण्यात त्यांची उमेद गेली होती. 261 किलोमीटरचा तो मार्ग 1995 मध्ये मंजूर झाला. निम्मा खर्च राज्याने उचलायचा होता आणि मूळ अंदाज कित्येक पटींनी फुगत गेला. राज्याचा वाटा आला की नाही, हा बीडमधल्या प्रत्येक निवडणुकीतला मुद्दा होता. त्यामुळे भांडण मूळ रकमेवरून नसतं, पुढे वाढणाऱ्या रकमेवरून असतं, हे त्यांना शिकवावं लागलं नाही. मला मात्र हडसनचं हे प्रकरण समजून घ्यायला बरीच वर्षं लागली. ते इथे सविस्तर मांडतो.

आधी तो जुना बोगदा

हडसन नदीच्या पूर्वेला न्यूयॉर्क शहरातलं मॅनहॅटन, पश्चिमेला न्यू जर्सी. पश्चिमेकडून येणारे रेल्वेप्रवासी पूर्वी काठावर उतरून फेरीबोटीने पलीकडे जात. पेनसिल्व्हेनिया रेलरोड या खासगी कंपनीने स्वतःच्या पैशाने नदीखाली दोन नळ्या खोदल्या. 1910 च्या नोव्हेंबरात त्या नळ्या आणि पेन स्टेशन सुरू झालं. कळवा-मुंब्रा दरम्यानचा पारसिकचा बोगदा 1916 चा आहे, म्हणजे दोन्ही कामं एकाच पिढीतली. प्रत्येक नळीत एकच रूळ, एक जायला आणि एक यायला. तेव्हापासून आजपर्यंत न्यू जर्सीतून मॅनहॅटनमधल्या पेन स्टेशनात जाणाऱ्या प्रत्येक गाडीला हाच रस्ता आहे.

गर्दीच्या वेळी एका दिशेने तासाला 24 गाड्या जातात, म्हणजे दर अडीच मिनिटांनी एक. मुंबईच्या लोकलने वाढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही, पण इथे पर्यायी रूळ नाही हे लक्षात घ्यायला हवं. एक गाडी बोगद्यात बंद पडली की मागची सगळी रांग न्यू जर्सीतल्या नेवार्क शहरापर्यंत अडकते. शिवाय त्याच मार्गावर हॅकेन्सॅक नदीवर पोर्टल ब्रिज नावाचा 1910 चाच एक फिरता पूल होता. बोटींना वाट द्यायला तो आडवा फिरायचा आणि कधी कधी पुन्हा जागेवर नीट बसायचाच नाही.

1996 मध्ये मॉरिस आणि एसेक्स भागातल्या गाड्या थेट पेन स्टेशनात जाऊ लागल्या. 2003 मध्ये गाडी बदलण्यासाठी सिकॉकसचं जंक्शन सुरू झालं. थेट गाडी मिळाल्यावर लोक वाढले, त्या त्या गावातल्या घरांना मागणी आली आणि बोगद्यात जागा उरली नाही. आपली मराठी मंडळी एडिसन, मेट्रोपार्क, प्रिन्सटन जंक्शन या पट्ट्यात मोठ्या संख्येने राहायला आली त्यामागे शाळा आणि घरांच्या किमती होत्याच, पण मॅनहॅटनला गाडी न बदलता जाता येतं हेही एक कारण होतं. रॅरिटन व्हॅली मार्गावरच्या लोकांना ते सुख फारसं मिळालं नाही. त्यांच्या गाड्या डिझेलच्या, बोगद्यात डिझेल इंजिन चालत नाही, आणि चाललं असतं तरी गर्दीच्या वेळी जागा नव्हती. ते नेवार्कला उतरतात आणि दुसऱ्या गाडीत चढतात.

8.7 अब्ज डॉलरची वाटणी

नव्या बोगद्याचा अभ्यास 1995 मध्ये सुरू झाला. ॲक्सेस टू द रीजन्स कोअर असं त्याचं लांबलचक नाव होतं, सगळे त्याला 'आर्क' म्हणत. नदीखाली दोन नव्या नळ्या आणि मॅनहॅटनमध्ये चौतिसाव्या रस्त्याखाली खोलवर एक नवं स्टेशन अशी योजना होती. गाड्यांची संख्या जवळपास दुप्पट होणार होती. रॅरिटन व्हॅलीसारख्या मार्गांसाठी वीज आणि डिझेल दोन्हीवर चालणारी इंजिनं 2008 मध्येच मागवली गेली. 2009 च्या जूनमध्ये गव्हर्नर जॉन कोर्झाईन यांच्या हस्ते कुदळ पडली. बोगदा 2018 मध्ये सुरू व्हायचा होता.

खर्चाचा अंदाज 8.7 अब्ज डॉलर. त्यातले 3 अब्ज वॉशिंग्टनचं केंद्र सरकार नव्या वाहतूक प्रकल्पांच्या योजनेतून देणार होतं. 3 अब्ज पोर्ट अथॉरिटी देणार होती. ही न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी या दोन राज्यांची मिळून असलेली संस्था. पूल, वाहनांचे बोगदे, विमानतळ तिच्याकडे आहेत आणि टोल हे तिचं मोठं उत्पन्न. उरलेले 2.7 अब्ज न्यू जर्सीने उभे करायचे होते. त्यात 1.25 अब्ज राज्याच्या टर्नपाइक या टोलरस्त्याचे होते, बाकीचा बराचसा पैसा केंद्राकडून राज्याला मिळणाऱ्या इतर वाहतूक निधीचा होता. न्यूयॉर्क राज्याने स्वतःच्या तिजोरीतून काहीच द्यायचं नव्हतं.

केंद्राच्या अनुदान करारात एक ठरलेलं कलम असतं: केंद्र देईल ती रक्कम पक्की, तिच्यावर एक डॉलरही जास्त नाही. खर्च वाढला तर तो अर्जदाराचा, आणि आर्कचा अर्जदार न्यू जर्सी होता. पुढची दीड दशकं जे घडलं ते या एका कलमाभोवती घडलं असं माझं मत आहे.

रद्द, फेरविचार, पुन्हा रद्द

2009 च्या नोव्हेंबरात कोर्झाईन हरले आणि 2010 च्या जानेवारीत क्रिस्टी गव्हर्नर झाले. राज्याच्या अंदाजपत्रकात सुमारे 11 अब्ज डॉलरची तूट होती. रस्ते आणि रेल्वेसाठीचा जो राज्य वाहतूक निधी होता, त्यात येणारा पेट्रोलकर जुन्या कर्जाच्या हप्त्यांतच संपत होता. त्या वेळी राज्याचा पेट्रोलवरचा कर गॅलनला साडेचौदा सेंट होता, देशातल्या सर्वांत कमी करांपैकी. तो वाढवणार नाही हे क्रिस्टींनी निवडणुकीत सांगितलं होतं.

7 ऑक्टोबर 2010 ला त्यांनी प्रकल्प रद्द केला. दुसऱ्याच दिवशी केंद्राचे वाहतूकमंत्री रे लाहूड त्यांना भेटले आणि दोन आठवड्यांचा अवधी मागून घेतला. केंद्राने काही पर्याय पुढे केले, कर्जाचाही प्रस्ताव आला. पण वाढीव खर्चाची अमर्याद जबाबदारी राज्यावरून हटेल असा पर्याय त्यात नव्हता. 27 ऑक्टोबरला क्रिस्टींनी अंतिम नकार दिला. खर्च 11 अब्जांवर जाईल, कदाचित 14 अब्जांच्याही पुढे, आणि न्यू जर्सीच्या करदात्यांना त्याला अंत नाही, हे त्यांचं म्हणणं होतं.

मला त्या वेळी त्यांचा फार राग आला होता. आज तेवढा येत नाही, कारण त्यांची भीती खरी होती. बॉस्टनमधल्या बिग डिग या रस्ते-बोगदा प्रकल्पाचा अंदाज 2.8 अब्ज होता आणि तो 14 अब्जांहून अधिक खाऊन गेला. त्याची झळ मॅसॅच्युसेट्स राज्याला किती लागली ते सगळ्यांसमोर होतं. शिवाय आर्कच्या रचनेतही दोष होता. नवं स्टेशन जुन्या पेन स्टेशनाला रुळांनी जोडलेलं नव्हतं. जुन्या नळ्या दुरुस्तीला काढल्या असत्या तर ॲमट्रॅक या राष्ट्रीय रेल्वे कंपनीच्या दूर पल्ल्याच्या गाड्यांना नव्या बोगद्याचा काही उपयोग झाला नसता. हा आक्षेप रेल्वेची बाजू घेणारी, जाणती माणसंही घेत होती. आणि न्यूयॉर्कने काहीच न देता फायदा घ्यावा हे न्याय्य नव्हतंच. मॅनहॅटनमधल्या कार्यालयांना माणसं लागतात, ती या बोगद्यातून येतात, आणि तिथे काम करणारे न्यू जर्सीकर आधी न्यूयॉर्क राज्याला आयकर भरतात.

एवढं सगळं मान्य करूनही त्यांनी पुढे केलेले आकडे तपासावे लागतात.

70 टक्के की 14.4 टक्के?

क्रिस्टी म्हणाले होते की खर्चाचा 70 टक्के भार न्यू जर्सीवर पडतो. न्यू जर्सीचे सिनेटर फ्रँक लॉटेनबर्ग यांनी गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसकडे तपासणी मागितली. ही अमेरिकी संसदेची लेखापरीक्षण संस्था, आपल्या कॅगसारखी. तिचा अहवाल 2012 च्या एप्रिलमध्ये आला. त्यात न्यू जर्सीचा वाटा 14.4 टक्के निघाला. खर्चाच्या अंदाजाचा पल्लाही आधीची दोन वर्षं तसाच होता, अचानक काही फुगलं नव्हतं. राज्याच्याच वाहतूक अधिकाऱ्यांनी 10 अब्जांच्या आत काम होईल असं सांगितलेलं होतं.

त्या दिवशी वर्तमानपत्रांनी क्रिस्टींना खोटं ठरवलं आणि विषय मिटला. मला मात्र एकाच प्रकल्पाचे 14 आणि 70 हे दोन आकडे स्वस्थ बसू देईनात. कागद-पेन्सिल घेऊन बसलो. टर्नपाइकचे 1.25 अब्ज भागिले 8.7 अब्ज, बरोबर 14.4 टक्के. म्हणजे अहवालात राज्याचा पैसा म्हणून फक्त टर्नपाइकचा पैसा धरला होता. पोर्ट अथॉरिटी वेगळी, केंद्राकडून राज्यामार्फत आलेला निधी केंद्राचा.

आता उलट बाजूने. राज्याचे 2.7 आणि पोर्ट अथॉरिटीचे 3, दोन्ही न्यू जर्सीचे धरले तर 5.7 अब्ज, म्हणजे साडेपासष्ट टक्के. त्यावर खर्च 10 अब्जांवर गेला आणि वाढलेले 1.3 अब्जही न्यू जर्सीनेच भरले असं धरा. 10 पैकी 7. सत्तर टक्के.

म्हणजे 70 टक्के काढताच येत नाहीत असं नाही. पण त्यासाठी तीन गोष्टी गृहीत धराव्या लागतात. दोन राज्यांच्या संस्थेचा सगळा पैसा आपलाच, केंद्राचा निधी राज्याच्या खिशातून गेला की तो राज्याचा, आणि पुढचा सगळा वाढीव खर्च आपल्याच माथी. यातलं तिसरं गृहीतक करारात खरंच होतं. पहिलं पटत नाही, कारण जॉर्ज वॉशिंग्टन पुलावर टोल भरणारे न्यूयॉर्कचेही असतात. दुसऱ्यावर वाद घालता येईल: तो पैसा बोगद्याला लागला नसता तर राज्याने रस्त्यांवर खर्च केला असता. गव्हर्नरांनी हे तिन्ही उलगडून सांगितलं असतं तर प्रामाणिक वाद झाला असता. त्यांनी एक आकडा फेकला. त्यांच्या विरोधकांनी दुसरा फेकला, आणि कलमाबद्दल कोणी बोललंच नाही.

पैसा पुढे कुठे गेला हे पाहिल्यावर माझी सहानुभूती आणखी कमी होते. 2011 च्या सुरुवातीला टर्नपाइकचे 1.25 अब्ज आणि पोर्ट अथॉरिटीचे सुमारे 1.8 अब्ज राज्याच्या रस्त्यांकडे वळवले गेले. पुलास्की स्कायवे या जुन्या उंच रस्त्याची दुरुस्ती त्यातलं मोठं काम. पण पोर्ट अथॉरिटीला स्वतःच्या मालकीच्या नसलेल्या रस्त्यावर पैसे घालता येत नव्हते. म्हणून तो लिंकन टनेल या तिच्याच वाहनांच्या बोगद्याकडे जाणारा रस्ता आहे असं कागदावर दाखवलं. नकाशा पाहिला तर स्कायवे हॉलंड टनेल या दुसऱ्याच बोगद्याच्या दिशेला जातो. रोखे विकत घेणाऱ्या गुंतवणूकदारांना या व्यवहारातली कायदेशीर जोखीम सांगितली नव्हती म्हणून केंद्राच्या रोखे नियामकाने 2017 मध्ये पोर्ट अथॉरिटीला 4 लाख डॉलर दंड केला. बोगद्याचा पैसा असा पेट्रोलकर न वाढवता रस्ते चालवायला वापरला गेला. तो कर शेवटी वाढलाच, 2016 च्या नोव्हेंबरात, एकदम 23 सेंटनी, क्रिस्टींच्याच सहीने. मधली सहा वर्षं मात्र गेली.

केंद्राने आधीच खर्च झालेल्या पैशांतले 27.1 कोटी डॉलर परत मागितले. वकील लागले, वाटाघाटी झाल्या आणि 9.5 कोटींवर तडजोड झाली.

खारं पाणी

2011 च्या फेब्रुवारीत ॲमट्रॅक आणि सिनेटर लॉटेनबर्ग, मेनेंडेझ यांनी गेटवे नावाचा नवा आराखडा जाहीर केला. या वेळी नळ्या पेन स्टेशनालाच जोडायच्या होत्या. पैसे मात्र कोणाकडेच नव्हते.

29 ऑक्टोबर 2012 च्या रात्री सँडी वादळात समुद्राचं पाणी चढलं आणि बोगद्याच्या दोन्ही नळ्यांत शिरलं. पाणी उपसलं, गाड्या सुरू झाल्या, लोकांना वाटलं संपलं. पण खाऱ्या पाण्यातले क्लोराइड आणि सल्फेट काँक्रीटमध्ये, विजेच्या केबलमध्ये, बाजूच्या ओट्यांमध्ये मुरले होते आणि आतून पोखरत राहिले. 2014 मध्ये ॲमट्रॅकने तज्ज्ञांचा अहवाल प्रसिद्ध केला. प्रत्येक नळी वर्षाहून अधिक काळ पूर्ण बंद ठेवून आतून नव्याने बांधावी लागणार होती.

एक नळी बंद केली तर 24 च्या निम्म्या, म्हणजे 12 गाड्या राहतील असं वाटतं. पण राहतात 6. कारण उरलेल्या एकाच रुळावरून दोन्ही दिशांची वाहतूक करायची. इकडच्या काही गाड्या सोडायच्या, शेवटची बाहेर पडेपर्यंत तिकडच्या थांबवायच्या, मग उलट. या अदलाबदलीत वेळ जातो. रोज दोन लाखांच्या आसपास प्रवासी या बोगद्यातून जातात. त्यांच्यासाठी तासाला 6 गाड्या म्हणजे व्यवहारात रस्ता बंदच. म्हणून नवा बोगदा आधी, जुन्याची दुरुस्ती नंतर, हा क्रम बदलता येत नाही. 2010 पर्यंत नवा बोगदा गर्दी कमी करण्यासाठी हवा होता. 2012 नंतर तो जुना वाचवण्यासाठी हवा झाला. आर्क ठरल्या वेळी झाला असता तर 2018 नंतर न्यू जर्सीच्या गाड्या तिकडे वळवून जुन्या नळ्या दुरुस्तीला घेता आल्या असत्या. त्या स्टेशनाची रचना सदोष असूनही.

या काळात झालेलं एक काम मला फार मोलाचं वाटतं. मॅनहॅटनच्या पश्चिम टोकाला रेल्वेच्या यार्डावर हडसन यार्ड्सचे टोलेजंग टॉवर उभे राहणार होते. त्यांचा पाया पडला असता तर भावी बोगद्याची वाट कायमची बंद झाली असती. 2013 मध्ये केंद्राने सँडीच्या मदतनिधीतून सुमारे 18.5 कोटी डॉलर दिले आणि टॉवरखाली काँक्रीटची मोकळी पेटी बांधून घेतली. बोगदा मंजूर नाही, पैसे नाहीत, पण त्याच्यापुरती जागा राखलेली. कोण्या अधिकाऱ्याने ही निकड वेळेत ओळखली, त्याचे उपकार आहेत.

निम्मा वाटा म्हणजे काय?

2015 च्या उन्हाळ्यात बोगद्यातल्या विजेच्या केबल एकामागून एक जळाल्या आणि सलग काही दिवस वाहतूक कोलमडली. त्या सप्टेंबरात क्रिस्टी आणि न्यूयॉर्कचे गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी मिळून अध्यक्ष ओबामांना पत्र लिहिलं: निम्मा खर्च केंद्राने द्यावा, निम्मा आम्ही पाहू. एक रिपब्लिकन, एक डेमोक्रॅट. पाच वर्षांपूर्वी ज्या माणसाने प्रकल्प मोडला, तोच आता निम्मा भार घ्यायला तयार झाला होता. फरक एवढाच की आता न्यूयॉर्क बरोबर होतं.

2017 पर्यंत बोगदा आणि जुन्या नळ्यांची दुरुस्ती मिळून 12.9 अब्जांचा अंदाज आला. वर्षाच्या शेवटी दोन्ही राज्यांनी आपला वाटा मांडला: न्यूयॉर्क 1.75 अब्ज, न्यू जर्सी 1.9, पोर्ट अथॉरिटी 1.9. न्यू जर्सी आपले पैसे तिकिटांवर अधिभार लावून फेडणार होती. मात्र हा सगळा पैसा केंद्राच्याच रेल्वे कर्जयोजनेतून उचलायचा होता.

डिसेंबरच्या अखेरीस ट्रम्प प्रशासनाच्या वाहतूक खात्याचं उत्तर आलं. असा कोणताही निम्मा-निम्मा करार अस्तित्वात नाही. आणि केंद्राकडून घेतलेलं कर्ज राज्यांचा वाटा म्हणून धरता येणार नाही.

पहिल्या मुद्द्यात तथ्य होतं. 2015 चा समझोता पत्रांत आणि जाहीर शब्दांत होता, सह्यांच्या करारात नव्हता. दुसरा मुद्दा मला अजिबात पटत नाही. मी घरासाठी बँकेकडून कर्ज घेतलं आणि तीस वर्षं हप्ते भरले, तर घर बँकेने घेऊन दिलं असं कोणी म्हणत नाही. राज्यं ते कर्ज स्वतः फेडणार होती. पण व्याख्या बदलली की आकडा बदलतो हे 2010 मध्ये न्यू जर्सीने दाखवलं होतं, 2017 मध्ये तेच वॉशिंग्टनने केलं.

पुढची तीन वर्षं प्रकल्पाला 'मध्यम-निम्न' दर्जा देऊन अनुदानाच्या रांगेबाहेर ठेवलं. 2018 च्या मार्चमध्ये अपेक्षित असलेली पर्यावरण मंजुरी 28 मे 2021 ला, बायडेन आल्यावर मिळाली. 2018 च्या केंद्रीय खर्च विधेयकात गेटवेचा पैसा राहू नये यासाठी ट्रम्प यांनी स्वतः जोर लावला होता. न्यूयॉर्कचे सिनेटर चक शूमर हे या प्रकल्पाचे मोठे पाठीराखे आणि ट्रम्प यांचे विरोधक, ही गोष्ट कोणापासून लपलेली नव्हती.

दोन्ही राज्यांनी तोवर शहाणपणाचं एक काम केलं. 2019 मध्ये सारखेच कायदे करून गेटवे डेव्हलपमेंट कमिशन नावाची संस्था काढली. अर्जदार ती. एका गव्हर्नरने हात झटकला की सगळं संपलं, ही सोय आता कोणालाच नव्हती.

सोळा अब्ज, आणि पुन्हा तेच

2021 च्या नोव्हेंबरातल्या पायाभूत सुविधा कायद्याने रेल्वेला 66 अब्ज डॉलर दिले. 2023 च्या अखेरीस न्यू जर्सीतल्या नॉर्थ बर्गनमध्ये टॉनेल अव्हेन्यूवर काम सुरू झालं. 2024 च्या जुलैत 6.88 अब्जांचा मुख्य अनुदान करार झाला. इतर केंद्रीय निधी धरून वॉशिंग्टनचा वाटा सुमारे 70 टक्के. एकूण खर्च 16 अब्ज. नवा बोगदा 2035 मध्ये, जुन्या नळ्यांची दुरुस्ती 2038 पर्यंत.

8.7 आणि 16 हे आकडे शेजारी ठेवून 'बघा, दुप्पट झाला' असं म्हणणं सोपं आहे, पण बरोबर नाही. आर्कमध्ये नवं स्टेशन होतं, इथे नाही. इथे जुन्या नळ्यांची दुरुस्ती आहे, तिथे नव्हती. तुलना करायचीच तर वर्षांची करावी. 2018 ऐवजी 2035. या सतरा वर्षांत नोकरीला लागलेला माणूस निम्मी कारकीर्द पार करतो. रॅरिटन व्हॅलीसाठी मागवलेली दुहेरी इंजिनं केव्हाच आली आणि बहुतेक इतर मार्गांवर धावत राहिली.

करार झाला म्हणजे पैसा सुटला असंही नाही. 1 ऑक्टोबर 2025 ला, केंद्र सरकारचं कामकाज ठप्प झालं त्याच दिवशी, अंदाजपत्रक विभागाचे प्रमुख रसेल वॉट यांनी हा बोगदा आणि न्यूयॉर्कचा सेकंड अव्हेन्यू सबवे मिळून 18 अब्जांचा निधी रोखल्याचं जाहीर केलं. कंत्राटं देताना वंश आणि लिंग पाहिलं जातं का, याची तपासणी हे कारण दिलं. दोन आठवड्यांनी अध्यक्ष ट्रम्प यांनी प्रकल्पच संपवल्याचं सांगितलं. कमिशनने हाताशी असलेल्या पैशांवर काम रेटलं. 2026 च्या फेब्रुवारीत ते संपले. कमिशन आणि दोन्ही राज्यं न्यायालयात गेली. 6 फेब्रुवारीला काम बंद पडलं आणि सुमारे एक हजार कामगार घरी गेले. त्याच संध्याकाळी न्यूयॉर्कमधल्या केंद्रीय न्यायालयाने निधी रोखण्याला तात्पुरती मनाई केली, आणि त्याच महिन्यात थकलेले पैसे सुटू लागले.

2010 मध्ये राज्याने मोडलं, 2025 मध्ये केंद्राने अडवलं. पहिल्या वेळी अडथळा तिजोरीचा होता, निदान तसं सांगता तरी येत होतं. दुसऱ्या वेळी पैसा मंजूर होता, करार सहीचा होता, खड्डा खणलेला होता. असा करारही एका आदेशाने थांबवता येत असेल तर पुढच्या कुठल्याही राज्याने केंद्राच्या सहीवर विसंबून काम काढावं कसं, ही चिंता मला बोगद्यापेक्षा मोठी वाटते. आणि कंत्राटदारसुद्धा हे लक्षात ठेवून पुढची निविदा भरणार. थांबण्याची जोखीम तो किमतीत धरणार. पुन्हा वाढीव खर्च.

17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरहून बीडपर्यंतची रेल्वे सुरू झाली. तीस वर्षं लागली, परळी अजून बाकी आहे. त्या दिवशी मामांचा फोन आला. फलाटावर माणसांचा एवढा कोलाहल होता की निम्मं ऐकू आलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमच्या त्या बोगद्याचं काय झालं रे?"

"काम चालू आहे, मामा."

"आणि वरचा खर्च?"

तो 2024 च्या करारातही स्थानिक बाजूवरच आहे. केंद्राची रक्कम ठरलेली, तिच्यावर वाढेल ते कमिशनचं, म्हणजे न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीचं. चौदा वर्षांपूर्वी ज्या कलमावरून सगळं मोडलं ते जसंच्या तसं आहे, फक्त आता ते उचलायला दोन राज्यं आहेत.

"दोघांत वाटलंय," मी म्हणालो.

"मग होईल," मामा म्हणाले, आणि गाडीची शिट्टी मला ऐकवायला त्यांनी फोन वर धरला.